बाळाचे वाळे आणि तापाचे दिवस : सात महिन्यांच्या मुलातील कावासाकी आजार

बाळ माझ्याकडे आले तेव्हा तापाचा सहावा दिवस मावळत होता. सोबतच्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन प्रयोगशाळांचे अहवाल आणि अर्धवट संपलेल्या औषधांच्या चार बाटल्या होत्या. मुलगा सात महिन्यांचा, वजन साडेसात किलो, जन्म वेळेवर झालेला आणि तोपर्यंतची वाढ उत्तम. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाजवळच्या वस्तीवर हे कुटुंब राहते. आई-वडिलांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पिशवीतील कागद तारखेप्रमाणे लावले, तेव्हा तीन निदाने एकापाठोपाठ एक दिसली. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर ‘व्हायरल ताप’ लिहिले होते व पॅरासिटामॉलसोबत ॲमॉक्सिसिलिनचे सिरप दिले होते. चौथ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठल्यावर ‘औषधाची रिॲक्शन’ असे निदान होऊन ते सिरप बंद झाले. पाचव्या दिवशी लघवीच्या तपासणीत पू-पेशी २० ते २५ आढळल्या, त्यामुळे ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ ठरून इंजेक्शने सुरू झाली. यांतील एकेक निदान त्या-त्या दिवसापुरते पाहिले तर मुळीच वेडगळ नाही, आणि त्या-त्या दिवशी मी असतो तर मीही कदाचित तेच लिहिले असते. अडचण अशी होती की, प्रत्येक डॉक्टरने बाळाचा एकच दिवस पाहिला होता आणि आधीच्या दिवसांत काय येऊन गेले, हे कोणी एका कागदावर मांडले नव्हते. घरी आजीने चौथे एक निदान केले होते, ते गोवराचे. पुरळ दिसताच तिने कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला होता. बाळाला नऊ महिने पूर्ण व्हायचे असल्याने गोवर-रुबेलाची लस अजून झालेली नव्हती, म्हणून आजीची शंका मला इतर तीन निदानांइतकीच गंभीर वाटली.

सहाव्या दिवसाची तपासणी

ताप १०३ अंश फॅरनहाइट होता. बाळ आईच्या खांद्यावर, पाळण्यात, छातीशी, कुठेही शांत होत नव्हते. तापाने पेंगुळलेले बाळ आणि हे बाळ यांत फरक होता. हे बाळ सतत किरकिरत होते, अंगाला हात लावू देत नव्हते, आणि ताप थोडा उतरल्यावरही तसेच राहत होते. ओठ लालभडक व कोरडे होते आणि खालच्या ओठावर दोन उभ्या भेगा पडल्या होत्या. डोळे जवळजवळ स्वच्छ होते. पुरळ मावळून गेले होते. मानेत लक्षात येण्याजोगी गाठ लागली नाही. हातापायांकडे पाहिले, विशेष काही दिसले नाही, आणि केसपेपरवर मी ‘हातपाय : सामान्य’ असे लिहिले. या दोन शब्दांकडे पुढे परत यावे लागणार आहे.

झबले काढल्यावर डाव्या दंडावरची बीसीजीची खूण दिसली. जन्मानंतर दिलेल्या या क्षयरोगविरोधी लशीचा व्रण सात महिन्यांच्या बाळात साधारणपणे एक फिकट, बसकी, मसुराएवढी खूण होऊन शांत झालेला असतो. इथे त्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढे लाल वर्तुळ उमटले होते, मध्यभाग टणक लागत होता आणि वर बारीकशी खपली धरू पाहत होती. आईला विचारले तर ती म्हणाली, “परवापासून आहे, डास चावला असेल असं वाटलं.” बीसीजीची शांत झालेली खूण तापात पुन्हा लाल व कडक होणे ही लहान बाळांतील कावासाकी आजाराची फार बोलकी खूण आहे. हे लक्षण अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतील पाच प्रमुख निकषांत नाही. कदाचित अमेरिकेत ही लस सरसकट दिली जात नसल्याने तिथल्या पाठ्यपुस्तकांत त्यावर फारसा भर नसतो. जपानमध्ये आणि आपल्याकडे मात्र ही लस बहुतेक प्रत्येक बाळाला मिळते, त्यामुळे तापाच्या बाळाचा डावा दंड उघडून पाहण्याला पर्याय नाही.

आजाराची थोडी ओळख इथेच करून देतो. टोकियोतील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये अशा तापाचा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची तपशीलवार नोंद जपानी भाषेत प्रसिद्ध केली. सुरुवातीला हा आपोआप बरा होणारा आजार समजला गेला. पुढे १९७० च्या सुमारास जपानमध्ये देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा बरी झालेली वाटणारी काही मुले अचानक दगावल्याचे आणि त्यांच्या हृदयाच्या करोनरी धमन्या फुगून त्यांत गुठळ्या झाल्याचे समोर आले. मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतीला दाह होतो, भिंतीतील लवचिक थर तुटतात आणि कमकुवत झालेली भिंत आतील रक्तदाबाने फुगते, अशी ही प्रक्रिया आहे. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात आणि मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा काहीसे जास्त असते. जपानमध्ये पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला ३०० हून अधिक रुग्ण नोंदले जातात. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआय संस्थेने दीर्घकाळ नोंदी ठेवल्या असून, तिथे १५ वर्षांखालील दर लाख मुलांमागे १९९४ मध्ये ०.५१ असलेले प्रमाण २००७ मध्ये ४.५४ पर्यंत वाढलेले दिसले. यातील बरीचशी वाढ डॉक्टरांनी आजार ओळखायला शिकल्याची असावी, असे माझे मत आहे.

निदानासाठी किमान पाच दिवसांचा ताप आणि पाचपैकी चार लक्षणे लागतात: दोन्ही डोळे लाल पण पू किंवा चिपडे नाहीत, ओठ, जीभ व तोंडाच्या आतील भागाची लाली, अंगावर पुरळ, हातापायांना सूज वा लाली आणि नंतर सालपट निघणे, मानेत दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ. ही लक्षणे एकाच दिवशी एकत्र हजर असावीत, अशी अट कुठेही नाही. तरीही आपण वागतो जणू तशी अट आहे.

वहीच्या पानावरचे सहा रकाने

त्या संध्याकाळी मी एका पानावर सहा रकाने आखले, पहिल्या रकान्यात ताप सुरू झाल्याचा सोमवार टाकला आणि आईला प्रत्येक दिवसाबद्दल वेगळे विचारले. “डोळे आले होते का?” या प्रश्नाला तिने आधी नाही म्हटले, कारण डोळे येणे म्हणजे पाणी गळणे आणि पापण्या चिकटणे, असा तिचा, आणि तो बरोबरच, अर्थ होता. “डोळे नुसतेच लाल दिसले का?” असे विचारल्यावर तिने मोबाइल काढला. बुधवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, तिने आपल्या भावाला बाळाचा फोटो पाठवला होता. फोटो मोठा करून पाहिला: दोन्ही डोळ्यांचे पांढरे लालसर झाले होते, पण बुबुळाला लागून एक बारीक पांढरी कड तशीच राहिली होती, आणि कोपऱ्यांत चिपडे अजिबात नव्हते. संसर्गाने आलेले डोळे असे दिसत नाहीत. त्या एका फोटोने एक निकष पूर्ण केला, आणि तेव्हापासून तापाच्या प्रत्येक बाळाच्या आईला मी आठवडाभरातील फोटो दाखवायला सांगतो.

पुरळाबद्दलही तसेच. औषधाची रिॲक्शन म्हणावे तर आईच्या आठवणीप्रमाणे मांड्यांच्या सांध्यात व लंगोटाखाली लाली तिसऱ्या दिवशीच होती आणि नंतर ती पोटापाठीवर पसरली. गोवर म्हणावा तर पुरळ कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरायला हवे, सोबत खोकला आणि नाक-डोळ्यांतून वाहणे हवे, गालांच्या आत पांढरट ठिपके दिसायला हवेत आणि पुरळ ओसरताना तपकिरी डाग राहायला हवेत. यांपैकी काही नव्हते. डेंग्यूचा विचार केला, पण त्यात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात. शेतावरच्या वस्तीतील मूल म्हणून बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची काळी खपली काखेत, जांघेत, कानामागे शोधली; ती सापडली नाही. कोविडनंतर मुलांमध्ये दिसणारा बहुअवयवी दाह या आजाराशी मिळताजुळता असतो, पण तो सहसा मोठ्या मुलांत आढळतो, त्यात पोटाच्या तक्रारी व रक्तदाब घसरणे ठळक असते, आणि गेल्या दोन महिन्यांत घरात कोणाला तसा आजार झाला नव्हता.

रक्ताचे अहवाल रात्री आले. हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी १९,४००, प्लेटलेट ४.२ लाख, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) लिटरमागे ११८ मिलिग्रॅम, ईएसआर (दाहाचीच दुसरी तपासणी) ८२, अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन २.८, यकृताचे एसजीपीटी ९६. प्लेटलेट वाढलेल्या नाहीत म्हणून कावासाकी नाही, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो, पण तो चुकीचा आहे. प्लेटलेट दुसऱ्या आठवड्यात चढतात, आणि पहिल्या आठवड्यात त्या साधारण असणे हेच नेहमीचे. लघवी पुन्हा तपासली. पिशवी लावून घेतलेल्या नमुन्यात पू-पेशी होत्या. नळी घालून थेट मूत्राशयातून घेतलेल्या नमुन्यात त्या जवळपास नव्हत्या, आणि पुढे कल्चरमध्येही जंतू वाढले नाहीत. कावासाकीत या पू-पेशी बहुधा मूत्रनलिकेच्या दाहातून येतात, जंतूंमुळे नव्हे. लहान बाळाच्या तापात ‘लघवीत पस’ हे शब्द दिसले की डॉक्टर आणि घरचे, दोघांनाही कारण सापडल्याचे समाधान मिळते, आणि त्या समाधानात दोन-तीन मोलाचे दिवस निघून जातात.

त्या रात्री माझ्या कागदावर डोळे, ओठ आणि पुरळ अशी तीनच लक्षणे होती. म्हणजे हा ‘अपूर्ण’ कावासाकी ठरत होता. अशा वेळी सीआरपी ३० च्या वर असेल आणि रक्तक्षय, कमी अल्ब्युमिन, वाढलेले एसजीपीटी, १५,००० च्या वरच्या पांढऱ्या पेशी, लघवीतील पू-पेशी, सातव्या दिवसानंतर साडेचार लाखांच्या वर गेलेल्या प्लेटलेट यांपैकी तीन गोष्टी आढळल्या, तर उपचार सुरू करावेत, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. इथे पाच होत्या. सकाळी औषधाची व्यवस्था लावायची आणि शहरात इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवायचे ठरले.

सकाळच्या फेरीत आजी बाळाचे पाय चोळत बसल्या होत्या. मी त्यांना सहज विचारले, “आजी, बाळाच्या पायात काही घालत नाही का तुम्ही?” त्यांनी कमरेच्या चंचीतून रुमालात बांधलेले चांदीचे वाळे काढून दाखवले आणि म्हणाल्या, “शुक्रवारी आवळायला लागले, साबण लावून मीच काढले. पाय टरारले होते, आता उतरलेत.” शुक्रवार म्हणजे पाचवा दिवस. चौथा निकष पूर्ण झाला होता, तोही मी तपासायच्या एक दिवस आधीच. मी ‘हातपाय : सामान्य’ लिहिले, ते सहाव्या दिवसापुरते खरे होते आणि आजारापुरते चूक. आजार अपूर्ण नव्हता. मी प्रश्न अपुरे विचारले होते. एरवी मी सोबतच्या आजीला ‘आई बोलू दे’ असे म्हणून थांबवतो, हेही इथे कबूल करायला हवे.

दोन मिलिमीटर

शहरातील बालहृदयरोगतज्ज्ञांकडे झोपेचे औषध देऊन इको झाला. रडणाऱ्या बाळाचा इको करून ‘करोनरी नीट दिसल्या नाहीत, बाकी ठीक’ असा अहवाल मिळण्यापेक्षा तासभर थांबलेले बरे. हृदयाचे आकुंचन चांगले होते. उजवी करोनरी १.७ मिलिमीटर होती, डावीची पुढे उतरणारी शाखा २.० मिलिमीटर.

दोन मिलिमीटर हा आकडा ऐकायला अगदी किरकोळ आहे. जपानच्या जुन्या निकषानुसार पाच वर्षांखालील मुलात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदी झाली तरच धमनी फुगली असे म्हणत; त्या मापाने हा अहवाल सामान्यच म्हणावा लागला असता. परंतु साडेसात किलोच्या बाळात या शाखेची अपेक्षित रुंदी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. शरीराच्या पृष्ठभागाशी ताडून काढलेला झेड-स्कोअर, म्हणजे धमनी तेवढ्या आकाराच्या मुलांच्या सरासरीपासून किती दूर गेली ते सांगणारा आकडा, अधिक ३.४ आला. अडीच ते पाच या टप्प्यातील स्कोअर म्हणजे छोटा फुगवटा. पाच ते दहा म्हणजे मध्यम. दहाच्या वर किंवा आठ मिलिमीटरहून रुंद म्हणजे महाफुगवटा, ज्यात गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका आयुष्यभर राहतो. इकोच्या अहवालात नुसते मिलिमीटर लिहून आले, तर बाळाची उंची व वजन कळवून झेड-स्कोअर मागून घ्यावा. तो मागितल्याचा कोणालाही राग येत नाही.

उपचार

मुख्य औषध म्हणजे शिरेतून देण्याचे इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला सगळे आयव्हीआयजी म्हणतात. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून ते वेगळे काढतात. त्याचा या आजारात उपयोग होतो, हे जपानमधून १९८४ मध्ये प्रथम दाखवले गेले, आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने एकाच वेळी किलोमागे २ ग्रॅम देण्याची पद्धत पक्की केली. उपचार न झालेल्या दर चार मुलांपैकी साधारण एकाच्या करोनरी फुगतात. पहिल्या दहा दिवसांत हे औषध मिळाले तर हे प्रमाण शंभरात चार-पाचवर येते.

आमच्या बाळाला १५ ग्रॅम लागणार होते, म्हणजे ५ ग्रॅमच्या तीन बाटल्या. खर्च ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा छोटा टेम्पो आहे, आणि तापासाठी इतके महागडे औषध लागते, हे कोणालाही पटणे अवघडच असते. मी त्यांना इकोचे चित्र दाखवले, फुगलेली शाखा आणि तिच्या शेजारची नीट शाखा. दुपारपर्यंत पतसंस्थेतून पैसे उभे राहिले. विक्रेत्याकडे दोनच बाटल्या होत्या. तिसरी बर्फासह थर्मोकोलच्या डब्यातून संध्याकाळच्या एसटीने आली. तोपर्यंत पहिली सुरू केलेली होती, कारण थांबण्यात अर्थ नव्हता. पहिला अर्धा तास अगदी संथ, दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास व ताप पाहत, आणि मग वेग वाढवत एकूण बारा तासांत औषध पूर्ण केले.

वय एक वर्षाखाली आणि इकोत आधीच फुगवटा, अशा बाळाला केवळ आयव्हीआयजीवर सोडू नये, असे आता मानले जाते. म्हणून सोबत किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅम या प्रमाणात मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून सुरू केले. पाच दिवसांनी ते तोंडातून देण्याच्या प्रेडनिसोलोनवर आणले आणि सीआरपी साधारण झाल्यावर पायरीपायरीने कमी करत बंद केले. ॲस्पिरिन सुरुवातीला किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम, चार भागांत विभागून दिले. ताप उतरून दोन दिवस झाल्यावर ७५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी, दिवसातून एकदा, चमचाभर पाण्यात कुस्करून, पोटात दूध गेल्यावर. ही मात्रा ताप किंवा दुखण्यासाठी नसते. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये म्हणून असते. या काळात तापासाठी आयबुप्रोफेन देऊ नये, कारण ते ॲस्पिरिनच्या या कामात अडथळा आणते. फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन चालू राहिले तर रे सिंड्रोम हा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो. म्हणून बाळाला आणि घरातील सगळ्यांना फ्लूची लस दिली आणि शेजारी कोणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी फोन करायला सांगितले.

आयव्हीआयजी संपल्यावर वीस तासांनी ताप उतरला. ३६ तास किंवा त्यानंतर ताप टिकला वा परतला तर औषधाला प्रतिसाद नाही असे समजून दुसरी मात्रा किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखे दाह दाबणारे औषध द्यावे लागते, आणि दहा ते वीस टक्के मुलांत ही वेळ येते. आम्ही थर्मामीटर हातात घेऊनच ते दिवस काढले. दहाव्या दिवशी सीआरपी ३४ वर आला. ईएसआर मुद्दाम केला नाही. आयव्हीआयजीनंतर तो खोटा वाढलेला दिसतो. बाळ शांत झाल्याचे मात्र कोणत्याही अहवालाआधी आईला कळले होते: ते सलग चार तास झोपले होते.

पुढचे महिने

बाराव्या दिवशी हाताच्या बोटांच्या टोकांना नखाच्या कडेपासून साल सुटू लागली. निदानासाठी या सालीची वाट पाहिली असती, तर उपचाराचे दहा दिवस सरले असते. तेराव्या दिवशी प्लेटलेट ८.६ लाख होत्या. दोन आठवड्यांच्या इकोत शाखा २.२ मिलिमीटर, झेड-स्कोअर अधिक ४.३ झाला, तेव्हा वडिलांनी विचारले, “मग औषधाचा उपयोग काय झाला?” ताप उतरल्यावरही भिंत काही दिवस फुगत राहू शकते, हे आधी सांगायला हवे होते, मी ते सांगितले नव्हते. आठ आठवड्यांनी शाखा १.७ मिलिमीटरवर आली, स्कोअर अधिक १.९, आणि सहा महिन्यांच्या इकोत ती पूर्ण साधारण होती. ॲस्पिरिन तेव्हाच बंद केले.

सर्वांत जास्त गोंधळ लसींचा झाला. आयव्हीआयजीतून मिळालेली दुसऱ्यांची प्रतिपिंडे गोवर-रुबेला व कांजिण्यांच्या जिवंत लसींचा परिणाम मारून टाकतात, त्यामुळे या लसी अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात. नऊ महिने पूर्ण होताच आशाताई यादी घेऊन घरी आल्या आणि बाळाची लस राहिली म्हणून हटून बसल्या. त्यांच्या जागी त्या बरोबरच होत्या. लसीकरण कार्डावर मी औषधाचे नाव, दिल्याची तारीख आणि लस द्यायचा महिना ठळक लिहून सही केली, आणि ताईंशी फोनवर बोललो. तालुक्यात गोवराची साथ आली तर लस लगेच द्यायची, पण ती मोजायची नाही आणि अकरा महिन्यांनंतर पुन्हा द्यायची, हेही त्यात लिहिले. साथ आली नाही. बाकीच्या निर्जीव लसी वेळापत्रकाप्रमाणे चालू राहिल्या.

दीड वर्षाचा झाल्यावर त्याला गोवर-रुबेलाची लस मिळाली. त्याचा फुगवटा पूर्ण बसला असला तरी धमनीची भिंत पूर्वीसारखी राहतेच असे नाही, म्हणून दर एक ते तीन वर्षांनी हृदयाची तपासणी पुढेही करायची आहे. ते सहा रकान्यांचे पान, बुधवारचा फोटो छापून, आणि चारही इकोचे अहवाल एका फाइलमध्ये लावून आईकडे दिले आहेत. मागच्या वेळी तो स्वतःच्या पायाने दवाखान्यात आला. वाळे आता त्याला होत नाहीत, ते त्याच्या नव्या बहिणीच्या पायात आहेत.